संसदीय समितीकडे विधेयकाबाबत निवेदन कसे पाठवावे

लोकसभेच्या अध्यक्षांनी किंवा राज्यसभेच्या सभापतींनी एखादे विधेयक विभागसंबंधित स्थायी समितीकडे (ठरावीक मंत्रालयांचे कामकाज पाहणाऱ्या खासदारांच्या समितीकडे) सोपवले, की समिती बहुधा वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन लोकांची मते मागवते. अशा 24 समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. मंत्र्यांना त्यांत स्थान नसते. मुदत थोडी, अनेकदा 15 दिवसांचीच असते.

निवेदन लिहिताना संपूर्ण विधेयकावर भाष्य करण्याचा मोह टाळावा. कलमाचा क्रमांक, त्यातील खटकणारे शब्द, त्यांचा प्रत्यक्ष परिणाम आणि आपण सुचवलेली शब्दरचना अशी मांडणी करावी. ‘कलम 7 जाचक आहे’ एवढे लिहून भागत नाही. ‘विहित मुदतीत’ याऐवजी ‘30 दिवसांच्या आत’ असे शब्द घालावेत, असे स्पष्ट लिहावे आणि कारणही द्यावे, कारण ‘विहित’ हा शब्द राहिला तर मुदत ठरवण्याचा अधिकार नियम करणाऱ्या सरकारच्या हाती जातो.

समितीपुढे तोंडी म्हणणे मांडायचे असल्यास तसे निवेदनातच नमूद करावे. बोलवायचे की नाही, हे समिती ठरवते. बैठका बंद दाराआड होतात आणि निवेदनही गोपनीय मानले जाते, म्हणून ते अन्यत्र प्रसिद्ध करू नये. अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर असहमत सदस्यांच्या टिपणी असतील, तर त्या आधी वाचाव्यात; वादाचे खरे मुद्दे बहुधा तिथेच सापडतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, त्यामुळे विधेयक पुन्हा चर्चेला येईल तेव्हा आपल्या कलमाची शब्दरचना बदलली का, हे ताडून पाहावे.