पोलीस ठाण्यातून कागद काढायचा असेल तर

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पोलीस ठाण्याच्या अगदी समोर आहे. एकोणीस वर्षं झाली. ठाण्याच्या पायऱ्या उतरून माणसं सरळ माझ्याकडे येतात, आणि निम्म्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "कागद देत नाहीत."

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या बातमीचं पेपरातलं कात्रण. शेतातल्या विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि पाय घसरून गेले. बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की विम्याला एफआयआर लागतो. तीनदा ठाण्यात जाऊन आल्या. "एफआयआर द्या" म्हणायच्या, आणि तिथला अंमलदार म्हणायचा, "ताई, एफआयआर झालेलाच नाही." तो खरंच सांगत होता. विहिरीत पडून, वीज पडून, सर्पदंशाने माणूस गेला आणि कुणावर संशय नसला, तर गुन्हा दाखल होत नाही. अकस्मात मृत्यूची नोंद होते. ठाण्यात त्याला 'अ.मृ.' किंवा 'ए.डी.' म्हणतात आणि त्याचं रजिस्टर वेगळं असतं. त्या नोंदीचा नंबर सांगितला असता तर पहिल्याच फेरीत काम झालं असतं.

म्हणून पहिलं काम नंबर मिळवण्याचं. गुन्हा असेल तर गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, अकस्मात मृत्यू असेल तर अ.मृ. क्रमांक, शिवीगाळ-धमकीसारखी अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी) तक्रार असेल तर एन.सी. नंबर. नंबरापुढे वर्ष असतंच, तेही लिहून घ्या. नंबर नसेल तर ठाणे अंमलदाराला घटनेची तारीख आणि मयताचं किंवा फिर्यादीचं नाव सांगा, तो रजिस्टर बघून सांगतो. तपास कोणत्या अंमलदाराकडे आहे हेही तेव्हाच विचारा, कारण पंचनाम्याची फाईल त्याच्याकडे असते. तो बंदोबस्ताला गेला असेल तर ठाण्यातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात ती नसते.

मग अर्ज. त्या बाईंचा मी असा लिहिला : "विषय : अ.मृ. क्र. अमुक मधील घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रती मिळणेबाबत." वर 'मा. पोलीस निरीक्षक', खाली चार ओळी : मी मयताची पत्नी, विमा दाव्यासाठी कागद हवेत, सोबत आधार आणि मृत्यू दाखला. एवढं पुरतं. "सर्व कागदपत्रे मिळावीत" असं कधी लिहू नका. प्रत्येक कागदाचं नाव लिहा, नाहीतर हाती एकच येतो आणि पुन्हा खेटे सुरू.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक-जावकला, म्हणजे अर्ज घेणाऱ्या टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ही पोहोच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोहोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, बँकेत दाखवायला लागते." हे खरंही आहे. कागद उशिरा मिळाले तर बँकेला सांगता येतं की आम्ही अमुक तारखेला अर्ज दिला होता.

बाईंचं पासबुक मी भरून आणायला लावलं. जूनच्या सुरुवातीच्या ओळींत २० रुपयांची कपात होती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, अपघाती मृत्यूला २ लाख. घरात कुणाला माहीत नव्हतं. सातबारा नावावर असल्यामुळे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचा अर्जही तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गेला. दोन्हीकडे हेच पोलिसांचे कागद लागतात, म्हणून प्रतींचे तीन संच करा. घरात अशी घटना घडली असेल तर आधी प्रत्येक बँकेचं पासबुक काढा, तेही तेरावा उरकायची वाट न बघता, कारण दाव्याला मुदत असते.

शवविच्छेदन अहवालात "व्हिसेरा राखून ठेवला" (म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवले) असं लिहिलं असेल तर मृत्यूचं कारण अजून पक्कं झालेलं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला बराच वेळ जातो. दावा तोवर थांबवू नका. आहेत ते कागद जोडून दाखल करा आणि बाकीचा नंतर द्या.

आता नावाची गोष्ट. हिच्यामुळे माझ्या घरात सात महिने गेले. माझा मेव्हणा मोटारसायकलवरून येताना ट्रकच्या धडकेत गेला. एफआयआर आणि पंचनाम्यात त्याचं नाव गावात हाक मारायचे तसं लिहिलं गेलं, आधारवर वेगळं. विमा कंपनीने दावा परत पाठवला. त्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, एफआयआर आता बदलता येत नाही. तेही खरं, एकदा नोंदवलेला एफआयआर खोडता येत नाही. पण पुरवणी जबाब देता येतो हे आम्हाला सात महिने कुणी सांगितलं नाही. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असा नातेवाईकाचा पुरवणी जबाब तपासी अंमलदाराने नोंदवला, सोबत ठाण्याचं पत्र दिलं, आणि प्रश्न सुटला. माझी बहीण ते सात महिने दोन लेकरं घेऊन माहेरी होती. म्हणून हात जोडून सांगतो, सही करण्याआधी जबाब वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, फिर्याद तर वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाव, वडिलांचं नाव, गाडीचा नंबर, वेळ ही चार ठिकाणं बोट ठेवून तपासा.

रस्ते अपघातात अजून एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. भरपाईच्या अर्जासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा वकिलाकडे लवकर जा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी शासनाकडून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, तेही याच कलमात. दखलपात्र गुन्हा असून नोंदवतच नसतील तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली तर तीच लागते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, तेव्हा विचारायला संकोच करू नका. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही टाकतात. जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडली की उघडतो. लैंगिक अत्याचार, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) अशा संवेदनशील प्रकरणांतला तिथे दिसणार नाही.

मोबाइल हरवला तर ठाण्यात किंवा पोर्टलवर तक्रार करा, त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा. नवीन सिमवर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत, त्यामुळे ओटीपीसाठी दुसऱ्या दिवशी बसा. खरेदीचं बिल हाताशी ठेवा.

चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन भरतात. पोरं माझ्याकडे येतात आणि जुनी केस लपवा म्हणतात. मी तो अर्ज भरत नाही. ठाण्याच्या रेकॉर्डला केस निघतेच, आणि मग केसपेक्षा लपवल्याचा ठपका नोकरीला जास्त नडतो. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून जोडा. परदेशी जाणाऱ्यांनी इथे पैसे भरू नयेत, त्यांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो.

लाउडस्पीकरच्या परवानगीला आठ-दहा दिवस आधी या. कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागा, जागामालकाची संमती आणि साउंडवाल्याचं नाव अर्जात घाला. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या सणांच्या दिवशीच १२ पर्यंत सूट असते. हळदीच्या रात्री साडेअकराला साउंड जप्त झाला की लग्नघरातलं कुणीतरी सकाळी माझ्या दुकानात अर्ज लिहायला येतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

पोहोच घेऊन महिना उलटला आणि उत्तरच नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. तपास चालू असेल तर काही कागद नाकारू शकतात, म्हणून पहिला प्रश्न असा घाला : "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली?" सोबत पोहोचेची झेरॉक्स जोडा. त्या विहिरीवाल्या बाईंना इथवर यावं लागलं नाही. नंबर घालून अर्ज दिला आणि सहाव्या दिवशी तिन्ही कागद मिळाले. त्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, यांच्या प्रती काढा, आणि त्या कात्रणाचीही एक."