हाँगकाँगच्या ड्रॅगन बोट उत्सवाला जाताय? या चुका टाळा

हाँगकाँगला ड्रॅगन बोटी, म्हणजे ड्रॅगनचं डोकं लावलेल्या लांब वल्ह्यांच्या होड्या, बघून आलेली बरीच मंडळी हिरमुसलेली असतात. "तासभर उन्हात उभे राहिलो, शर्यत दोन-तीन मिनिटांत संपली, कोण जिंकलं तेही कळलं नाही," अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. माणूस सामना बघायच्या तयारीने गेलेला असतो, आणि हा मुळात कोळ्यांचा आणि नदीकाठच्या गावांचा सण आहे. त्यात देवांची मिरवणूक आहे, पाण्यात गेलेल्यांची आठवण आहे, रोगराई दूर राहावी म्हणून केलेली पूजा आहे. शर्यत हा त्यातला एक भाग. तेवढ्यासाठीच गेलात तर सणाचा मोठा भाग हातून निसटतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

तारीख न बघता विमानाचं तिकीट काढणं

चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी हा सण येतो. तिथला महिनाही आपल्यासारखा अमावास्येपासून मोजतात, त्यामुळे हा दिवस बहुधा ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास पडतो. इंग्रजी तारीख मात्र दर वर्षी सरकते. २०२५ मध्ये तो ३१ मे रोजी होता, २०२६ मध्ये १९ जूनला आहे आणि २०२७ मध्ये ९ जूनला. 'जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ' असं ठरवलंत तर सण तुमच्या आधी होऊन गेलेला असेल किंवा तुम्ही परतल्यावर येईल.

दुसरा घोळ याहून जास्त होतो. शहराच्या मधोमध असलेल्या व्हिक्टोरिया हार्बरमध्ये त्सिम शा त्सुई भागाच्या किनाऱ्यावर देशोदेशीचे संघ उतरतात ती आंतरराष्ट्रीय शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. ती बऱ्याचदा सणाच्या दिवशी नसते, जवळच्या एखाद्या शनिवार-रविवारी असते. स्टॅनली, ॲबरडीन, ताई ओ या हाँगकाँगमधल्याच किनाऱ्यावरच्या ठिकाणांचे कार्यक्रम सणाच्या दिवशीच होतात. दोन्ही बघायचं असेल तर मुक्काम त्या हिशोबाने वाढवा. एकच निवडायचं झालं तर माझं मत सणाच्या दिवसाला.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. नोंदणी मान्य झाली की तिचा कागद पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून सोबत ठेवायचा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहे तस्सं भरा. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून आधी नोंदणी, मग तिकीट.

स्टॅनलीत जाऊन भलत्याच किनाऱ्यावर उभं राहणं

स्टॅनली हे एका चिंचोळ्या भूशिरावरचं गाव आहे. बाजार, मरे हाउस, ब्लेक पियर ही फोटोतली सगळी ठिकाणं पश्चिमेच्या अंगाला, आणि बोटी धावतात पूर्वेला, स्टॅनली मेन बीचवर. नवखा माणूस बाजारातून मरे हाउसकडे उतरतो आणि ढोल कुठून ऐकू येतोय ते शोधत बसतो. सेंट्रल या शहराच्या मध्यवर्ती भागातून ६, ६एक्स किंवा २६० नंबरची बस घ्या, बाजाराच्या आधी उतरून सरळ मेन बीचची वाट धरा. वाळूवर उभं राहायला तिकीट लागत नाही.

दुपारी जेवूनखाऊन निघालात तर फार उशीर झाला. शर्यती सकाळीच सुरू होतात आणि जागाही तेव्हाच मिळते.

'दोन-तीन मिनिटांत संपली' या तक्रारीवरही इथेच उपाय आहे. आधुनिक शर्यतीची ठराविक बोट साधारण बारा मीटरची असते. वीस वल्हेकरी, पुढे ढोलवाला, मागे सुकाणू धरणारा. पाचशे मीटर जायला कसलेल्या संघाला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. केरळातल्या आळप्पुळाच्या शंभर-शंभर वल्ह्यांच्या लांबलचक नौका डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर या बोटी चिमुकल्या वाटतील. पण दिवसभर फेऱ्यांवर फेऱ्या चालतात आणि हरलेल्या संघांसाठीही खालच्या गटांच्या अंतिम फेऱ्या असतात. कार्यक्रमपत्रिका मिळाली तर एकच संघ निवडा आणि सकाळपासून त्याच्या मागे राहा. आणि बोटीच्या टोकाकडे बघण्याऐवजी वल्ह्यांकडे बघा. वीस वल्ही एकाच क्षणी पाण्यात बुडतात तो संघ पुढे जातो. एक जरी मागेपुढे झालं तर बोट अडखळते, आणि हे दुरूनही दिसतं.

ताई ओ वगळणं

सगळ्यात मोठी चूक मला ही वाटते. लांटाउ बेटाच्या पश्चिम टोकाला ताई ओ हे जुनं कोळ्यांचं गाव आहे, खाडीत खांबांवर उभ्या घरांचं. इथली 'ड्रॅगन बोट जलयात्रा' शंभर वर्षांहून जुनी आहे आणि २०११ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद झाली. गावात मच्छीमारांच्या तीन जुन्या संस्था आहेत. सणाच्या आदल्या दिवशी त्या गावातल्या चार देवळांतून देवांच्या मूर्ती आपापल्या सभागृहात आणतात. सणाच्या सकाळी मूर्ती छोट्या होड्यांत बसवतात, ड्रॅगन बोटी त्या होड्या ओढत खाडीतून फिरतात, आणि पाण्यात भटकणाऱ्या अतृप्त आत्म्यांसाठी कागदी नैवेद्य जाळतात. घराघरांतून लोक होड्यांकडे तोंड करून पूजा करतात. गावात साथ पसरली होती, तेव्हा ही प्रथा सुरू झाली असं गावकरी सांगतात.

म्हणूनच सगळीकडे च्यू युआनची गोष्ट चिकटवू नका. प्राचीन चीनमधल्या चू राज्याचा हा कवी-मंत्री इसवी सन पूर्व २७८ च्या सुमारास हुनानमधल्या मिलुओ नदीत बुडून गेला, लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले, ही कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. पण चीनमधल्या सुझौकडे वू झीश्यू या दुसऱ्या प्राचीन मंत्र्याचं नाव घेतात, आणि ताई ओमध्ये गावाचे देव आणि पाण्यातले आत्मे महत्त्वाचे. पाचवा महिना रोगराईचा, विषारी किड्यांचा मानतात, म्हणून दारावर नागदवणीच्या जातीची पानं आणि वेखंडाची पाती टांगलेली दिसतील. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाला वारसा यादीत घेतलं ते या सगळ्यासकट.

ताई ओला पोचायला एमटीआरने (हाँगकाँगच्या मेट्रोने) तुंग चुंग, तिथून ११ नंबरची बस, साधारण पाऊण ते एक तास. सुट्टीच्या दिवशी या बसला लांब रांग लागते. तुंग चुंगला रांग हलत नसेल तर दुसरी वाट आहे, पण ती सेंट्रललाच ठरवायला हवी: सहा नंबरच्या धक्क्यावरून मुई वोची बोट आणि तिथून १ नंबरची बस. परतीची रांग दुपारनंतर वाढते.

इथे वागणुकीबद्दल एक विनंती. खांबांवरच्या घरांच्या ओसऱ्या रस्त्यासारख्या वाटतात, पण लोक तिथे राहतात. आत कॅमेरा वळवू नका. मूर्तीसमोर उभे राहून सेल्फी नको. बोटीच्या ड्रॅगनच्या डोळ्यांत रंग भरून तो जागा करण्याचा विधी असतो. त्यानंतर ते डोकं त्यांच्यासाठी निव्वळ लाकूड राहत नाही, विचारल्याशिवाय हात लावू नका.

पावसाचा अंदाज न घेणं

हे दिवस दक्षिण चीनमध्ये मुसळधार पावसाचे. हाँगकाँगला लागून असलेल्या क्वांगतुंग प्रांतात या पावसाला 'ड्रॅगन बोटीचं पाणी' असंच म्हणतात. हाँगकाँग वेधशाळेचं ॲप फोनवर घ्या. पावसाचे इशारे पिवळा, लाल, काळा असे चढत जातात. काळा इशारा किंवा वादळाचा आठ नंबरचा बावटा लागला की कार्यक्रम रद्द धरा आणि खोलीवर थांबा. पाऊस नसेल तर ऊन आणि दमट हवा सोसावी लागते. टोपी, पाणी आणि ओआरएसची पाकिटं पिशवीत हवीतच. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर रेनकोटच बरा.

शाकाहारी म्हणून निर्धास्तपणे झोंगझी उचलणं

बांबूच्या पानात चिकट तांदूळ बांधून शिजवलेला झोंगझी या दिवशी सगळीकडे मिळतो. पातोळ्यांसारखंच पान सोलून आतला भाग खायचा. पण कँटनी पद्धतीच्या झोंगझीत मुगाच्या डाळीबरोबर डुकराचं मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक असतो, आणि बाहेरून काही कळत नाही. पिवळसर, पापडखारासारख्या क्षाराच्या पाण्यातला, पाकासोबत खायचा प्रकार बहुधा साधा किंवा लाल चवळीच्या सारणाचा असतो, तरी विचारून घ्या. ताई ओहून २१ नंबरच्या बसने नाँग पिंगला गेलात तर पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं. झोंगझी पोटाला जड आहे, एक दोघांत पुरतो. मनशीळ घातलेली दारू कुणी परंपरा म्हणून पुढे केली तर नम्रपणे नको म्हणा. मनशीळ हे आर्सेनिकचं संयुग आहे.

ग्वांगझौला एका दिवसात उरकू असं समजणं

हाँगकाँगहून वेगवान रेल्वेने ग्वांगझौ जवळ आहे, पण मुख्य चीनसाठी वेगळा व्हिसा लागतो आणि सणाच्या सुट्टीत तिकिटं झटपट संपतात. तिथल्या गावांतल्या बोटी लांब आणि जड असतात. वर्षभर त्या नदीच्या चिखलात पुरून ठेवतात आणि चौथ्या महिन्यात विधीपूर्वक वर काढतात. बऱ्याच गावांत शर्यत नसतेच. एका गावची बोट दुसऱ्या गावाला भेटायला जाते, फटाके वाजतात, पाहुण्यांना जेवण घातलं जातं. ग्वांगझौशेजारच्या फोशान शहरातल्या दिएजिआओमध्ये अरुंद कालव्यांतून काटकोनी वळणं घेत बोटी धावतात, तो प्रकार बघायचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. कोणत्या गावाचा मान कोणत्या दिवशी, हे ठरलेलं असतं. ते स्थानिक माणसाला विचारून मगच हॉटेल घ्या.