जुन्या काळाची गोष्ट आवाजातून सांगताय? या चुका टाळा

फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या खऱ्या गोष्टी शोधून त्यांचे श्राव्य माहितीपट करणारे आता बरेच झाले आहेत. चांगलंच आहे. पण नवा भाग ऐकायला घेतला की त्याच त्या चुका पुन्हा भेटतात. माइक स्वस्तातला असला तर मी सोडून देतो. पुढच्या गोष्टी मात्र सोडवत नाहीत.

आवाज खरा, प्रसंग खोटा

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांच्या सैन्याने घेतलेल्या माघारीवरचा एक भाग माझ्याकडे तपासायला आला होता. विषय झकास निवडलेला: युद्धनौकांबरोबर गेलेल्या छोट्या खासगी होड्या. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत तिथून ३,३८,२२६ सैनिक सुटले हे कुठल्याही पुस्तकात सापडतं, होड्यांबद्दल मात्र दोन ओळींपलीकडे कुणी जात नाही. लेखन नेटकं होतं, निवेदनही छान. शेवटाकडे निवेदक म्हणतो, "आणि त्याच दिवशी संसदेत आवाज घुमला…" की लगेच ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांचं किनाऱ्यांवर लढण्याचं ते प्रसिद्ध भाषण सुरू. वर सभागृहाचा घुमारा चढवलेला, खाली बाकं वाजवल्याचा आवाज.

ऐकायला जोरदार. पण ते ध्वनिमुद्रण ४ जूनचं नाहीच. त्या काळी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात भाषणं ध्वनिमुद्रित होत नसत. तिथल्या कामकाजाचं नियमित रेडिओ प्रक्षेपण सुरू व्हायला १९७८ उजाडलं. भाषण झालं त्या संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकाने त्यातले उतारे बातम्यांत वाचून दाखवले. आज आपण ऐकतो ते वाचन चर्चिल यांनी १९४९ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मुद्दाम केलेलं आहे. १९४० साली बोलणाऱ्या माणसाला पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नव्हता. १९४९ साली वाचणारा माणूस युद्ध जिंकून, नंतरची निवडणूक हरून बसलेला होता. हा फरक तुमच्या श्रोत्यापासून का लपवायचा?

हे सांगितल्यावर मिळालेलं उत्तर नेहमीचंच: "सगळे हीच क्लिप वापरतात." आणि मग, "कुणाला कळतंय?" या दुसऱ्या वाक्याची मला खरी चीड येते. वाचणारा मागचं पान उलटून पाहू शकतो, ऐकणारा तुमच्या शब्दावर चालतो. शेवटी घुमारा आणि बाकं काढायला लावली, क्लिप राहू दिली आणि आधी एक वाक्य घातलं: त्या रात्री होडीवाल्यांच्या घरी रेडिओवर हे शब्द ऐकू आले ते बातम्या वाचणाऱ्याच्या तोंडून, चर्चिल यांचा हा आवाज नऊ वर्षांनंतरचा. भाग त्याने पडला नाही, उलट होडीवाल्याचं घर एकदाचं गोष्टीत आलं.

माझी सवय अशी: जुन्या क्लिपच्या फाइलच्या नावातच बोलणारा, ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रसंगाची तारीख आणि क्लिप कुठून मिळाली, हे लिहून ठेवायचं. दोन तारखा वेगळ्या असतील तर निवेदनात तसं सांगायचं. एकही रकाना रिकामा असेल तर ती क्लिप एडिटमध्ये घ्यायचीच नाही. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज जळताना अमेरिकन रेडिओ वार्ताहर हर्बर्ट मॉरिसनने केलेलं वर्णनही असंच 'थेट प्रक्षेपण' म्हणून खपवलं जातं. ते ६ मे १९३७ रोजी तबकडीवर मुद्रित झालं आणि श्रोत्यांनी ऐकलं दुसऱ्या दिवशी.

मुलाखतीत घाई

घोडं पेंड खातं ते इथे. ऐंशी-नव्वदीच्या माणसासमोर बसायचं आणि प्रश्नांची यादी संपवून उठायचं, ही काय मुलाखत झाली? एका निवृत्त तारबाबूंची मुलाखत मी कच्च्या स्वरूपात ऐकली. एक विशिष्ट तार आठवते का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "नाही बुवा." मग शांतता. आणि त्या शांततेत टेबलावर बोट वाजू लागलं, तारयंत्राच्या मोर्स लिपीत: आखूड, लांब, आखूड. तोंड नाही म्हणत होतं आणि बोट तार पाठवत होतं. मुलाखतकाराने चार सेकंदही दम धरला नाही, पुढचा प्रश्न टाकला. त्यावर कडी म्हणजे अंतिम भागात ती टकटकही नव्हती. नॉइज रिडक्शनचं बटण दाबलं होतं, सॉफ्टवेअरने ती कचरा समजून पुसली. नशीब की मूळ फाइल शाबूत होती.

एका बटणात सगळं साफ करून देणारी ही साधनं मी मुलाखतीला लावतच नाही. पंखा आधी बंद करा, खिडकी लावून घ्या, हेडफोन घालून ऐका, आणि निघण्यापूर्वी त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करा. एडिट करताना तुकड्यांचे सांधे जोडायला तीच लागते. समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा.

दुसरी घाई तारखांची. आठवणीतली तारीख जशीच्या तशी निवेदनात घालू नका, आणि चुकली म्हणून आठवण फेकूनही देऊ नका. इटलीतल्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुली हा पोलादी कारखान्यातला तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने पुढे तिथल्या कामगारांना बोलतं केलं, तर अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. कागद तारीख सांगतो. ती चार वर्षांनी का सरकली, हे कामगारांच्या बोलण्यातूनच कळतं. मी दोन्ही ठेवतो, आणि कुठलं कुणाचं ते सांगतो.

वेग न तपासणं

जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्याच असतात, असं धरून चालू नका. वेग चुकला की माणूसच बदलतो. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हील या फ्रेंच संशोधकाने ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर एका गाण्याच्या लहरी उमटवल्या होत्या. त्या २००८ मध्ये पहिल्यांदा ऐकवल्या गेल्या, तेव्हा गाणारी कुणी मुलगी किंवा बाई वाटली. पुढच्याच वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट झाला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच. जाणकारांचं असं होतं, तर तुमच्या घरच्या कॅसेटचं काय?

माइक कुणी धरला होता, ते न सांगणं

पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत कैदी असलेल्या, ब्रिटिशांच्या फौजेतल्या भारतीय सैनिकांचे आवाज मुद्रित केले गेले. ११ डिसेंबर १९१६ चा मल सिंग यांचा आवाज त्यांतलाच. तो लावून खाली करुण सारंगी सोडून देणारे आहेत. अरे, मुद्रण करणारे भाषांचे नमुने गोळा करत होते, आणि बोलणारा त्यांच्या कैदेत होता! हे न सांगता तो आवाज लावूच नये.

बाकी भराभर. एका वाक्यात दोन आकडे नकोत, कानाला एकच पेलतो. कारुण्य शब्दांत नसेल तर पियानोतून येत नाही. पत्र कुणा नटाकडून वाचून घेतलं असेल तर तसं सांगा. 'आजवर कुणीच न सांगितलेली कहाणी' म्हणण्याआधी ग्रंथालयात एक चक्कर मारा. परवानगी ध्वनिमुद्रणातच मागून घ्या, नंतर सही घ्यायला जाल तेव्हा घरातले वेगळंच बोलतात. आणि मूळ फाइलवर कधीही एडिट करू नका. प्रत काढा, ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच कात्री चालवा.