इंग्रजीतला ‘बिलियन’ मराठीत कसा वाचावा

जगाची लोकसंख्या ‘एट बिलियन’ झाली, ही बातमी नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळीकडे होती. आठ बिलियन म्हणजे ८०० कोटी. घाईत कुणी ‘८ कोटी’ लिहिलं, तर माणसं शंभर पटींनी कमी होतात. ही चूक टाळणं अवघड नाही.

पहिली पायरी: शून्यं मोजा. एकावर नऊ शून्यं म्हणजे बिलियन. मराठीत तोच अब्ज, म्हणजेच शंभर कोटी. आकडा स्वल्पविरामांसह लिहिलेला असेल तर जास्त जपा. इंग्रजीत दर तीन अंकांनी विराम येतो: १,०००,०००,०००. आपण तोच आकडा १,००,००,००,००० असा लिहितो.

दुसरी पायरी: बिलियनच्या आकड्याला शंभराने गुणा आणि पुढे ‘कोटी’ लिहा. दशांश असेल तर तो दोन घरं उजवीकडे सरकतो. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन वर्षं, म्हणजे ४५४ कोटी वर्षं. मिलियन असेल तर दहाने भागून कोटी काढा: २५० मिलियन म्हणजे २५ कोटी. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ‘अब्ज’ अचूक आहे, पण बोलण्यात कोटीच लवकर उमगतात, म्हणून मी कोटीच वापरते. अब्जाच्या पुढे तर जपूनच जावं: मराठीतला खर्व दहा अब्जांचा, हिंदीतला खरब मात्र शंभर अब्जांचा.

तिसरी पायरी: चलन बघा. दोन बिलियन डॉलर म्हणजे २०० कोटी डॉलर. इथे पुष्कळ जण ‘२०० कोटी रुपये’ लिहून मोकळे होतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ती रक्कम १७,००० कोटी रुपये होते.

चौथी पायरी जुनं पुस्तक किंवा परभाषेतला मजकूर हाती असेल तेव्हाची. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, एकावर बारा शून्यं. अमेरिकेत नऊच. १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं, की सरकारी आकडेवारीत बिलियनचा अर्थ हजार मिलियन असाच राहील. त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकात हा शब्द दिसला, तर संदर्भ तपासल्याशिवाय अब्ज लिहू नका. जर्मन आणि फ्रेंचमध्ये तर आजही बिलियन बारा शून्यांचाच. आपल्या अब्जाला जर्मन लोक ‘मिलियार्डे’ म्हणतात, फ्रेंच ‘मिलियार’.

आता इंग्रजीत तुम्हीच हा शब्द वापरणार असाल तर एवढं सांभाळा. आधी नेमका आकडा असेल तर अनेकवचनाचा ‘एस’ लावायचा नाही: ‘फाइव्ह बिलियन डॉलर्स’. नुसतं ‘अब्जावधी’ म्हणायचं असेल तेव्हा ‘बिलियन्स ऑफ डॉलर्स’. आणि डॉलरचं चिन्ह आकड्याआधी लिहिलं असेल, तर पुढे पुन्हा ‘डॉलर्स’ नको.