पाण्याची वाफ होताना घडणारे कार्य कसे काढावे
एन्थाल्पी म्हणजे आंतरिक ऊर्जेत, म्हणजे पदार्थाच्या रेणूंमध्ये साठलेल्या एकूण ऊर्जेत, दाब आणि आकारमान यांचा गुणाकार मिळवून येणारी राशी. म्हणून उदाहरण सोडवायला घेताना दाब स्थिर आहे की नाही, हे आधी पाहावे. १०० अंश सेल्सिअसच्या १ किलो पाण्याची उघड्या पातेल्यात पूर्ण वाफ केली, तर दाब वातावरणाइतकाच, म्हणजे १०१.३ किलोपास्कल राहतो आणि दिलेली उष्णता, सुमारे २२५७ किलोज्यूल, हीच एन्थाल्पीतील वाढ ठरते. पाण्याचे आकारमान असते जेमतेम १.०४ लिटर, वाफेचे मात्र सुमारे १६७३ लिटर. हा फरक घनमीटरमध्ये, म्हणजे १.६७२ असा लिहून दाबाने गुणला की भोवतालची हवा मागे सारण्यात खर्ची पडलेले कार्य सुमारे १६९ किलोज्यूल येते. (लिटर तसेच ठेवून गुणले, तर उत्तर हजारपट फुगते.) ते वजा जाता उरलेले २०८८ किलोज्यूल आंतरिक ऊर्जेत जमा होतात.

वाफ अजून कोंडलेलीच आहे अशा प्रेशर कुकरला ही रीत लावू नये. तेथे आकारमान बदलत नसल्याने कार्य शून्य असते, सगळी उष्णता आंतरिक ऊर्जेत जाते आणि एन्थाल्पी त्याहूनही, दाबातील वाढ गुणिले आकारमान, इतकी अधिक वाढते.