माँट्रियलच्या पापण्या
मिलानजवळ माझ्याकडे एक १९७२ची अल्फा रोमिओ माँट्रियल आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरात १९६७ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात या गाडीचा मूळ नमुना झळकला. बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीकडे असताना मार्चेल्लो गांदिनीने तिचं रूप घडवलं. २५९३ सीसीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, आणि एकूण गाड्या बनल्या जेमतेम ३,९००. पण मी भुललो तो हेडलाइटवरच्या जाळीदार पापण्यांवर. दिवे लावले की त्या खाली सरकतात.

माझ्या गाडीच्या सरकेनात. दिवे लख्ख, पापण्या ढिम्म. आधी वायरिंगवर संशय घेतला आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. या पापण्या विजेवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर चालतात!

मग हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप थेट पापण्या हलवणाऱ्या डबीला जोडला. पापण्या अलगद खाली आल्या आणि पंपावरचा व्हॅक्यूम दाखवणारा काटा जागचा हलला नाही. म्हणजे डबीतला हवा धरून ठेवणारा पडदा शाबूत. तोच पंप इंजिनकडून येणाऱ्या नळीला लावला, तर काटा भर्रकन शून्यावर. टी-जोडापाशी, म्हणजे नळीला फाटा फुटतो तिथे, रबर कडक होऊन बारीक चिरलं होतं. नळी वाकवल्याशिवाय चीर दिसतही नव्हती.

सगळ्या नळ्या बदलल्या. आतला व्यास तोच ठेवा, पण भिंत जाड घ्या. पातळ नळी व्हॅक्यूमने चपटी होते. बिजागऱ्यांवरचा जुना घट्ट ग्रीस पुसून नवा अगदी थोडा लावला.

संध्याकाळी दिवे लावले, पापण्या खाली आल्या. बायकोला हाक मारून पुन्हा तीनदा दाखवलं.