जुन्या बाजारातल्या फॉर्म्युला वनच्या गाडीचं साल कसं ओळखायचं

रविवारी सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारली की पितळी कुलपं, चार्जरच्या वायरी आणि बिनजोडीच्या बुटांमध्ये फॉर्म्युला वनची एखादी खेळण्यातली गाडी सापडते. खोका नसतो, स्टिकर निघालेले असतात. विकणाऱ्याला साल विचारू नका. तो "एकदम लेटेस्ट" म्हणतो आणि पन्नास रुपये वाढवतो. रंगाकडेही बघू नका, रंग कोणीही मारतं. माझं काम भोसरीत फायबरच्या साच्यांचं, त्यामुळे माझा भरवसा फक्त आकारावर.

आधी टायर नखाने चाचपा. गोल फिरत जाणाऱ्या सलग खाचा लागल्या तर गाडी 1998 ते 2008 मधली. पुढच्या टायरला तीनच खाचा असतील तर 1998 चीच, कारण 1999 पासून चार झाल्या. वळणावरचा वेग उतरावा म्हणून रबर कमी टेकवायचं, असा तो हिशेब. 1998 लाच गाडीची रुंदीही 200 सेंटिमीटरवरून 180 वर आणली. आणि चार खाचांबरोबर इंजिनच्या झाकणावर शिंगं, कान, छोटे पंख असा झाडोरा उगवलेला असेल, तर ती त्या काळाच्या अखेरची. 2009 च्या नियमांनी तो साफ छाटला.

टायर गुळगुळीत निघाला तर ड्रायव्हरच्या डोक्यावर बघा. स्लिपरच्या पट्ट्यासारखी कमान म्हणजे हेलो, म्हणजे 2018 किंवा पुढची. रिम मोठी (18 इंची) आणि पुढच्या चाकांवर मडगार्डसारखी पातळ पट्टी असेल तर 2022 ते 2025. रिम लहान असेल तर 2018 ते 2021. त्यातही पुढच्या पंखावर छोट्या पंखांची पिल्लं बसवलेली असतील तर 2018, आणि मागच्या चाकापुढचा फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, तिरका कापलेला असेल तर 2021. 2026 ची गाडी जुन्या बाजारापर्यंत यायला वेळ आहे. आली तर अंगाने बारीक असेल, 190 सेंटिमीटरची.

गुळगुळीत टायर आणि हेलो नाही, इथे खरी गोची. पुढे सुपासारखा रुंद पंख आणि मागे अरुंद, उंच पंख अशी विजोड जोडी दिसली तर 2009 ते 2016. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीची पकड सुटते आणि ओव्हरटेक जमत नाही, म्हणून 2009 मध्ये मागचा पंख 100 सेंटिमीटरवरून 75 वर आणला. नाकावर पायरी असेल तर 2012-13, पण मॅक्लारेन संघाच्या 2012 च्या गाडीला पायरी नाही, तेव्हा घाई नको. 2014 पासून नाक खाली आलं आणि काही गाड्यांची नाकं इतकी विचित्र झाली की बघताना आपल्यालाच लाज वाटावी. पुन्हा सगळं रुंद आणि बुटकं झालं, पण हेलो नाही, तर 2017.

याच टप्प्यावर मी पैज हरलोय. एका गाडीच्या मागच्या पंखातली फट मोठी दिसली आणि मी ठासून सांगितलं, डीआरएस उघडा आहे, म्हणजे 2011. डीआरएस म्हणजे सरळ रस्त्यावर ती फट उघडून हवेचा अडथळा कमी करायचा. तो 2011 लाच आला. भाच्याने गाडी आडवी धरली. "मामा, हा पडदा बघ की." इंजिनच्या झाकणावरून माशाच्या परासारखा पडदा थेट मागच्या पंखाला जाऊन चिकटला होता. तसा पडदा 2010 मध्ये होता. मॅक्लारेनने त्यातून हवा पंखापर्यंत नेली आणि ड्रायव्हर कॉकपिटमधलं भोक झाकून ती हवी तेव्हा वळवायचा. 2011 ला पडदा पंखाला जोडायलाच बंदी आली. मग माझी फट? कोणीतरी तुटलेली पट्टी फेविक्विकने वाकडी चिकटवली होती. मिसळ मी दिली. तेव्हापासून फट मोजण्याआधी डिंक शोधतो.

आता 1998 च्या आधीच्या जुन्या गाड्या. त्यांना उलटं करा. पोटाखाली लाकडी रंगाची लांब पट्टी असेल तर 1994 च्या मध्यानंतरची. ड्रायव्हर सेन्ना इमोलाच्या शर्यतीत अपघातात गेला, त्यानंतर त्याच वर्षी 10 मिलिमीटरची फळी सक्तीची झाली. गाडी फार खाली आणली तर फळी झिजते आणि चोरी पकडली जाते. 2023 मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन आणि लक्लेर हे ड्रायव्हर याच झिजेपायी बाद झाले. पट्टी नाही आणि चाकांच्या मधलं पोट सपाट, तर 1983 ते 1994. नाक वर उचललेलं दिसलं तर 1990 किंवा नंतरची. ती टूम टिरेल संघाच्या 019 या गाडीने काढली.

पोट सपाट नाही, दोन्ही बाजूंना बोगदे आणि कडेला झालर, तर 1977 ते 1982. लोटस संघाच्या 78 या गाडीने सुरुवात केली, त्यांच्याच 79 ने 1978 चं विजेतेपद नेलं. हे समजायला स्कूटर पुरे. धावत्या एसटीच्या अगदी शेजारून जाताना गाडी बसकडे ओढल्यासारखी वाटते ना? चिंचोळ्या जागेतून हवा पळते, दाब उतरतो. तेच पोटाखाली केलं की गाडी रस्त्याला चिकटते, आणि झालर बाहेरची हवा आत येऊ देत नाही. 2022 ला बोगदे परत आले, झालर आली नाही. गाड्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उसळायला लागल्या: चिकटायच्या, हवा कोंडायची, सुटायच्या, परत चिकटायच्या. 2023 ला फ्लोअरच्या कडा 15 मिलिमीटर उचलाव्या लागल्या.

पातळ काठ्यांवर उंच उभारलेला पंख दिसला तर भाव न करता घ्या. ती 1968-69 ची. स्पेनमध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून अपघात झाले आणि पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, ते बंद झाले. त्या काठ्या खेळण्यातही टिकत नाहीत.

उलटी करताना मात्र हळू. परवाच एकाने हातातून गाडी काढून घेतली, "घ्यायची असेल तर उलटी करा." घेतली. ऐंशी रुपये. पोटाखाली काय दिसलं? एक स्क्रू.